डावं कोपर आणि पाव किलो वाळू

ज्यांचं कोपर दुखतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांचं दुखत नाही त्यांना वाचून हसू येईल, आणि त्यात त्यांची चूक नाही. हे दुखणं लोकांना सांगावं असं नसतंच. ताप येत नाही, सूज दिसत नाही, भेटायला कोणी मोसंबी घेऊन येत नाही. तरीही त्या दिवसांत मला रोज वाटायचं की माझं आयुष्य या एका सांध्यावर येऊन थांबलं आहे.

मी एका फाउंड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी लागले तेव्हा सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं, आणि त्या सहा महिन्यांच्या शेवटी परीक्षा. ती पार पडली तर कायम, नाही तर घरी. घरी बसणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. आईने दोन स्थळं आधीच बघून ठेवली होती.

पण नोकरी मला हवी होती त्याचं कारण वेगळं होतं. मला बोलायला जमत नाही. शाळा इंग्रजी, घरी मराठी, दाराबाहेर कोल्हापुरी. या तिन्ही भाषांत मी गप्प राहायलाच शिकले. टाइपरायटरसमोर बसलं की मात्र माझे हात सरळ बोलायला लागतात, न अडखळता. ती एकच जागा होती जिथे मला माझी लाज वाटत नसे.

शेंगदाण्याएवढी जागा

ऑफिसात दोन मशिनं होती. एक साधं, आणि एक लांब कॅरेजचं, मोठ्या कागदावरच्या तक्त्यांसाठी. ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ढकलून कॅरेज परत आणायची. साध्या मशिनला हलकासा धक्का पुरतो. लांबड्याला मात्र भरलेला हंडा सरकवावा तसा जोर लागतो. नवीन म्हणून ते माझ्याकडे आलं. शेजारच्या टेबलावर सावंतबाई असायच्या, अकरा वर्षांच्या जुन्या, ताठ पाठीच्या, माझ्याहूनही कमी बोलणाऱ्या. त्या साध्या मशिनवर काम करत.

दुसऱ्या महिन्यात कोपराच्या बाहेरच्या अंगाला, शेंगदाण्याएवढ्या जागेत दुखायला लागलं. आधी कॅरेज ढकलताना. मग तांब्या उचलताना. मग दाराची कडी काढताना. शेवटी वेणी घालताना हात वर जाईना.

आईने आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावला, आणि घरी आले की हात गळ्यात बांधून ठेवायचा असा दंडक घातला. ऑफिसात हात मोकळा, घरी झोळीत. बाहेर कुणाला सांगू नकोस, एवढंच ती बजावायची. आधीच मुलगी इंग्रजी शाळेतली, त्यात हात अधू म्हणून बोभाटा झाला तर संपलंच. मला ते सोपं होतं. न सांगणं माझ्या अंगवळणीच होतं. ऑफिसात मी उजवा हात अंगावरून पलीकडे नेऊन दांडा ढकलायला लागले. स्पीड निम्म्यावर आला.

त्या दिवसांत एक गोष्ट चांगली झाली. आई माझी वेणी घालायला लागली, शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच. ती केस ओढायची फार, पण त्या पाच मिनिटांत ती मला काहीच विचारायची नाही.

निदान

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आई मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी त्या जागेवर अंगठा ठेवला आणि मनगट वर उचलायला सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, टेनिस एल्बो. मग हसून विचारलं, टेनिस खेळता का?

माझ्याआधी आईनेच उत्तर दिलं. "अहो, ती कॅरमसुद्धा खेळत नाही. ती कशातच नसते."

डॉक्टरांनी सांगितलं की लेप आणि झोळी आता पुरे. हात दीड महिना नुसता ठेवल्याने आणखी हळवा झाला आहे. आता त्याला वजन द्यायला हवं, थोडं थोडं, रोज. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूला व्यायामाची खोली आहे तिथे जायला सांगितलं.

रिक्षात आईने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर मात्र तिला राहवलं नाही. "दुखतोय म्हणून नेलं, तर म्हणतात वजन उचल. उद्या पाय मोडला तर म्हणतील पळ."

घरी बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. बाबा नगरपालिकेत कारकून. आमच्यात बोलणं असं नव्हतंच. ते पेपर वाचायचे आणि मी पुस्तक. पण व्यायाम हा शब्द वाचून त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी आधी पाहिला नव्हता. लहानपणी तेही तालमीत जायचे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. कोल्हापुरात तालमीत गेला नाही असा पुरुष नसावाच. किमान तसं कबूल करणारा तरी नाही.

हिरवा पडदा

व्यायामाची खोली म्हणजे पूर्वीचं कोठार. भिंतीला एक कप्पी आणि दोर, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या खिळ्यांना टांगलेल्या, आणि फडताळात ओळीने मांडलेल्या वाळूच्या पिशव्या. प्रत्येकीवर वजन लिहिलेलं. मध्ये हिरवा पडदा. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. दोन्ही बाजूंना मिळून एकच नलिनीबाई, पांढरा कोट घातलेल्या, सतत पडद्याच्या या बाजूहून त्या बाजूला जाणाऱ्या.

त्यांनी माझा हात टेबलावर पालथा ठेवला, मनगट कडेबाहेर. मुठीत पिशवीचा बंद दिला. पाव किलो. कडेखाली एक लाकडी फळी होती. उजव्या हाताच्या मदतीने डावं मनगट वर न्यायचं, मग मदत काढून घ्यायची आणि डाव्याने एकट्याने पिशवी हळूहळू फळीवर उतरवायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. एवढंच.

मग त्यांनी दुखणं कसं सांगायचं ते शिकवलं. नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या लोकांसाठी त्यांनी ते स्वतः बसवलं होतं. दुखणं म्हणजे पुराचं पाणी समजायचं. घोट्यापर्यंत आलं तर वजन थोडं वाढवता येतं. गुडघ्यापर्यंत चालेल, त्यात हात शिकतो. कमरेला लागलं की त्याच क्षणी थांबायचं आणि सांगायचं. गळ्यापर्यंत यायची वेळ येऊच द्यायची नाही.

"मला बाहेरून दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तू खरं सांगितलंस तरच मला वजन ठरवता येतं. माझं अर्धं काम तुझ्या तोंडात आहे."

मी मान हलवली. त्यांनी विचारलं, आत्ता कुठवर आहे? माझं पाणी कमरेच्या वर होतं. मी म्हणाले, घोट्यापर्यंत.

चौथ्या की पाचव्या दिवशी, नलिनीबाई बाहेर गेल्या असताना, मी वाळू उचलून उतरवत होते तेव्हा पडद्यापलीकडून एक घोगरा आवाज आला.

"कोण हाय पावणं? वाळू ठेवतंय का आपटतंय?"

मी पिशवी पुन्हा उतरवली.

"हां, हे बघा. अर्ध्यापातूर बरं आलंय. तितनं फुडं सोडून दिलंय. ऐकू येतंय की."

मी थक्क झाले. मला स्वतःलाही कळलं नव्हतं की मी अर्ध्यावर सोडून देते आहे. दुखायची जागा तिथेच सुरू व्हायची, आणि ती ओलांडण्याआधीच माझा हात पळून जायचा. पडद्यामागच्या एका माणसाने ते फळीवरच्या आवाजावरून ओळखलं होतं. मला टाइपरायटरच्या आवाजावरून शेजारी चूक झाल्याचं कळतं, तसंच. पुढच्या वेळी पिशवी मी इतकी हळू उतरवली की फळीला ती कधी टेकली ते ऐकूच आलं नाही.

"व्हय," पलीकडून आलं. "आता काम केलं."

नलिनीबाईंनी नंतर सांगितलं, ते आप्पा. गडमुडशिंगीचे जुने पैलवान. चार महिन्यांपूर्वी डावं अंग गेलं होतं. पाय परत आला होता, हात येत होता. त्यांच्या मुठीत कितीची पिशवी आहे असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्या निम्मी.

बाबांची मदत

दुसऱ्या आठवड्यात घरीही व्यायाम करायचा ठरलं. आईने जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली, बाबांनी वाळू चाळून भरली आणि घरच्या तराजूवर पाव किलो जोखली. रोज संध्याकाळी मी ओट्यावर हात ठेवून बसायची आणि बाबा समोर स्टुलावर बसून मोजायचे. एक, दोन, तीन. त्यांचा आवाज मी इतका सलग कधी ऐकला नव्हता.

आप्पांचं नाव घरी सांगितल्यावर तर बाबा उठून उभेच राहिले. त्यांनी आप्पांची कुस्ती मैदानात बसून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी, आईने बजावूनही, गल्लीतल्या चार जणांना ते कळलं होतं, आणि चौघांनीही सल्ला दिला. जोर मारताना कसं रोज दोन वाढवायचे, तसंच इथेही. वाढवल्याशिवाय अंग ऐकत नाही. एकाने तर पोरीला थंडाई सुरू करा म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की पिशवीच्या तोंडाची शिवण बदलली आहे. आईने पांढऱ्या दोऱ्याने घातली होती, ही निळ्या दोऱ्याने होती, आणि टाके मोठे, पुरुषाच्या हातचे. पिशवी उचलली तेव्हा कळलंच. बाबांनी वाळू थोडी काढून गल्लीतल्या लेथवरचा लोखंडी चुरा भरला होता. दोन दिवसांनी आणखी थोडा.

मी काही बोलले नाही. बाबा समोर पुढे झुकून बसलेले असायचे, मोजताना त्यांचे ओठ माझ्या मनगटाबरोबर वर-खाली व्हायचे. इतकी वर्षं त्या घरात राहून पहिल्यांदा आम्ही दोघं एका गोष्टीत होतो. ते विचारायचे, कुठवर आलं? मी म्हणायची, घोट्यापर्यंत. आणि ते खूश होऊन आणखी चुरा भरायचे.

परीक्षेला सहा आठवडे उरले असताना एका सकाळी मी पाण्याचा पेला उचलला आणि तो माझ्या हातात राहिलाच नाही. बोटं आपोआप उघडली. मी आवाज न करता ओलं पुसून काढलं आणि दवाखान्यात गेले.

दोघांचं खोटं

नलिनीबाईंनी घरची पिशवी आणायला लावली होती, योगायोगाने त्याच दिवशी. त्यांनी ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि काट्यावर ठेवली. पाऊण किलोच्या वर.

"तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मी काट्यावरच्या पिशवीचे निळे टाके बघत राहिले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि सांगितलं की आता दहा दिवस काहीही उचलायचं नाही, आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून, तेही शंभर ग्रॅमनी. सहा आठवड्यांतले दहा दिवस. मी मनात हिशेब केला आणि मला स्पष्ट दिसलं की नोकरी गेली. घर दिसलं, स्वयंपाकघर दिसलं, ती दोन स्थळं दिसली. दुखतंय एवढा एक शब्द मी उच्चारला नाही म्हणून.

मी रडले नाही, पण नलिनीबाईंना चेहरा दिसला असावा. त्या काहीतरी बोलणार इतक्यात पलीकडून आप्पा बोलले. या वेळी आवाज बारीक होता.

"बाई, त्या पोरीला बोलू नगा. मी बी रोज खोटंच सांगतोय की."

नलिनीबाई वळल्या. "काय खोटं?"

"तुमी इचारता, मी म्हंतो घोटा. घोटा न्हाय. खांद्यात रोज गळ्यापातूर असतंय. पैलवानानं दुखतंय म्हणायचं नसतंय, आमास्नी तसंच शिकवलंय. सोळाव्या वर्षी बोट मोडलं तवाबी म्हणालो न्हवतो."

मग पडदा हलला. कुणीतरी तो आतून धरायचा प्रयत्न करत होतं, कापड निसटत होतं, पुन्हा धरलं जात होतं. नलिनीबाई मदतीला गेल्या नाहीत. बराच वेळ गेला. शेवटी पडदा हातभर सरकला आणि मी आप्पांना पहिल्यांदा पाहिलं.

दरवाजा भरून जावा एवढा माणूस. चिरडलेले, पोह्यासारखे चपटे झालेले कान. मानेची जाडी माझ्या कमरेएवढी. आणि ज्या डाव्या हाताने त्यांनी पडदा सरकवला होता तो हात, एखाद्या पाखराला धरल्यासारखा, हवेत थरथरत होता. कपाळावर घाम होता. मैदानभर माणसं ज्याच्यासाठी उभी राहत, तो माणूस एक सुती पडदा हातभर सरकवून धापा टाकत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. मी त्या हाताकडे बघतच राहिले. एवढं मोठं काही मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं.

"आता असं करू पावणं," ते म्हणाले. "तुमी माझं मोजा, मी तुमचं मोजतो. तालमीत एकट्यानं कुनी मेहनत करत न्हाय. आनि कुठवर हाय ते एकमेकाला खरं सांगायचं. बाईला न्हाय सांगितलं तर बाई रागवंल. मला खोटं सांगितलं तर मला ऐकू येतंय."

मोजणं

दहा दिवस मी फक्त त्यांचं मोजलं. परक्या पुरुषासमोर, मोठ्याने. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून आलं, वन, टू, थ्री. माझ्या डोक्यात आकडे इंग्रजीतच असतात. मी ओशाळून थांबले.

"चालू द्या की. इंग्रजीत बी हात तेवढाच दुखतोय," आप्पा म्हणाले.

त्यांची बोटं पिशवीच्या बंदाभोवती एकेक करून मिटायची. मग मनगट वर. मग खाली, इतकं संथ की मी सेव्हन म्हटल्यावर एट म्हणायला किती थांबू हे मला कळायचं नाही. मध्येच ते म्हणायचे, गुडघा. पुन्हा थोडं खाली. कंबर. आणि थांबायचे. एका पैलवानाच्या तोंडून तो शब्द निघताना प्रत्येक वेळी त्यांना काहीतरी उचलावं लागतंय असं दिसायचं, आणि ते पिशवीपेक्षा जड होतं.

घरी मी बाबांना सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. वाक्य दोनदा तुटलं एवढं आठवतं. मी म्हणाले, चुरा भरल्याचं मला माहीत होतं आणि दुखत होतं. बाबांनी पिशवी उसवली, सगळं परातीत ओतलं आणि चुंबक फिरवून वाळूतला चुरा कण कण वेगळा केला. आई दारात उभी राहून ते बघत होती. तिने मला फक्त जेवायला वाढलं, पण त्या दिवसापासून बाहेर सांगू नकोस हे म्हणायचं बंद केलं.

दहा दिवसांनंतर शंभर ग्रॅम. मग दीडशे. सायकलच्या ट्यूबची पट्टी, एक टोक खिळ्याला, एक बोटांना, ओढायची आणि हळू सोडायची. बोटांभोवती रबर आणि ती उघडायची. सगळ्यात ओढण्यापेक्षा सोडणं अवघड. आप्पा मोजत, आणि माझा हात कुठे पळतो ते ऐकत.

एके दिवशी त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. लहान मुलांसाठी केलेला मुदगल होता, म्हणजे तालमीत फिरवायची लाकडी गदा, वीतभर लांबीचा, हात लावून लावून काळा गुळगुळीत झालेला. दांडा मुठीत धरून, कोपर टेबलावर ठेवून तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळू आडवा करायचा. नलिनीबाईंनी आधी स्वतः करून बघितला आणि म्हणाल्या, अगदी हवा तसा आहे, मी हातोडी आणणार होते. माझा हात मात्र पुढे होईना. तालमीतल्या वस्तूला बाईने हात लावायचा नसतो हे मलाही माहीत होतं. लाल मातीच्या दारात आम्ही मुली कधी उभ्याही राहिलो नव्हतो.

आप्पांना ते कळलं. "रातभर मारुतीफुडं ठेवून आणलाय," ते म्हणाले. "त्यो कायबी म्हणाला न्हाय."

मी मुदगल घेतला. तो वाळूच्या पिशवीसारखा नव्हता. त्याचं वजन वरच्या टोकाला होतं, त्यामुळे तो हाताला सारखा काहीतरी विचारत राहायचा. पहिल्या दिवशी मी तो दोनदाच वळवला आणि म्हणाले, कंबर. दुसऱ्या दिवशी तीनदा.

हे कसं घडतं ते मला आजही समजलेलं नाही. नलिनीबाईंनी समजावून सांगितलं होतं, मी ते विसरले. एवढंच सांगते की ज्या गोष्टीने हात बिघडला तीच गोष्ट, म्हणजे ओझं, मोजून आणि हळू दिलं तर हात दुरुस्त करते. रोज काल इतकंच वाटतं. आणि एका मंगळवारी मी भरलेला तांब्या डाव्या हाताने उचलून देवघरात नेऊन ठेवला, आणि परत येईपर्यंत मला कळलंच नाही. कळल्यावर मी पुन्हा गेले, तांब्या उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. शेंगदाण्याएवढी जागा गप्प होती. मी देवघरात तशीच उभी राहिले. कुणी मला देव दाखवला असता तरी मी याहून जास्त थक्क झाले नसते.

परीक्षा

पण पूर्ण बरी झाले नव्हते, हे मला परीक्षेच्या दिवशी माहीत होतं. साध्या मशिनवर मी तासभर काम करू शकत होते. लांबड्यावर दहा मिनिटांत पाणी कमरेला लागायचं.

ऑफिसच्या साहेबांनी पहिला कागद साध्या मशिनवर दिला. मी तो करून दिला. त्यांनी घड्याळ बघितलं, चुका शोधल्या, सापडल्या नाहीत. मग त्यांनी मोठा तक्ता पुढे केला आणि लांबड्या मशिनकडे बोट दाखवलं. चार पानं.

मी खुर्ची सरकवून तिकडे बसले. कागद चढवला. दांड्यावर डावा हात ठेवला. दीड तास दात खाऊन काढता आला असता. मग आठवडाभर हात गेला असता, पण नोकरी राहिली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. तीन महिने मी तेच करत आले होते. उजवा हात अंगावरून पलीकडे न्यायची युक्तीही होतीच.

मी हात काढून घेतला आणि उभी राहिले.

"सर, या मशिनवर मी एका वेळी एकच पान करू शकते. माझं कोपर दुखतं. उपचार चालू आहेत. एक पान करीन, मग तासभर साध्या मशिनवरचं काम, मग दुसरं. संध्याकाळपर्यंत चारही देईन. पण सलग नाही."

इतकं सलग मी त्या ऑफिसात कधीच बोलले नव्हते. साहेबांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता, ते गोंधळले होते. त्यांनी विचारलं की हे मशीन तर आधीपासून इथे आहे, आजवर कुणाची तक्रार आली नाही, मग तुम्हालाच कसं?

उत्तर शेजारच्या टेबलावरून आलं. सावंतबाई मान वर न करता बोलल्या.

"माझंही दुखतं, साहेब. तुम्ही नवीन मुलगी घेतलीत म्हणून मी सुटले. त्याआधी आठ वर्षं, ते आलं तेव्हापासून, मीच चालवत होते ते."

त्यांचे हात मशिनवरच होते. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लांबड्या मशिनकडे असं बघितलं की जणू ते आजच कुणी आणून ठेवलं आहे. मग तक्ता उचलून त्यांनी दोन-दोन पानं आम्हा दोघींच्या टेबलांवर ठेवली आणि आत गेले.

आम्ही लांबड्यावर आळीपाळीने बसलो आणि संध्याकाळी पाचला चारही पानं त्यांच्या टेबलावर होती. आठवड्याने माझं कायम झाल्याचं पत्र निघालं. ते टाइप करायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. मी त्यात एक चूक केली आणि कागद बदलावा लागला.

पुढे

आप्पा आता गावाकडेच असतात. बाबा दर महिन्याला सायकलने जाऊन येतात. आप्पा डाव्या हाताने चहाची बशी ओठांपर्यंत नेतात, हे सांगताना बाबा स्वतःचा हात तसा वर नेऊन दाखवतात. माझं कोपर थंडीत किंवा काम फार झालं की अजून आठवण करून देतं. मग मी वाळू कमी करते आणि पुन्हा चढवते.

ज्यांचं दुखतं त्यांना माझ्याकडून एवढंच: हात गळ्यात बांधून ठेवू नका, आणि कुणी घाई केली म्हणून वजन वाढवू नका. आणि विचारलं तर खरं सांगा. नाहीच कुणी विचारलं तर आपण होऊन सांगा.

पत्र मिळाल्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेसातला मी सावंतबाईंना दवाखान्याच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. दारात त्या थांबल्या. फार काही नाही हो, म्हणाल्या, सवय झाली आहे आता. नलिनीबाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि कधीपासून दुखतंय ते विचारलं. सावंतबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तिथून हलले नाही.

त्यांनी पदर खोचला, डावं कोपर टेबलावर ठेवलं आणि लांबड्या मशिनच्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. मधल्या बाळंतपणांत बाळ कोणत्या हाताने घेतलं तेही सांगितलं. मध्ये कुणी त्यांना थांबवलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघीही ऑफिसला उशिरा पोचलो.